खिशांतील पिस्तूल : लहान हत्याराच्या निवडीचा इतिहास

(१)

हत्यारांचा इतिहास लिहितांना आपल्याकडे तोफा, तलवारी, पट्टे आणि तोडेदार बंदुका यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. परंतु अंगावर लपवून नेतां येईल, हातास झेपेल आणि प्रसंगीं उपयोगी पडेल असें लहान हत्यार मनुष्यानें कसें निवडलें, हा प्रश्न मात्र बहुधा उपेक्षितच राहिला. तो क्षुल्लक नाहीं, हें दाखविण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाहीं. दि. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजीमहाराजांनीं काय बरोबर घेतलें, याचें वर्णन सभासदानें केलें आहे. त्यांत वाघनख आणि बिचवा यांचा उल्लेख येतो. भवानी तलवारीचा महिमा कितीहि मोठा असला तरी त्या प्रसंगास तलवार कामाची नव्हती, कारण ती दिसते आणि मिठींत उपसतां येत नाहीं. तेथें हत्यार निवडलें गेलें तें अंतर पाहून. दोन माणसांमध्यें वीतभर अंतर उरेल त्या वेळीं काय चालेल, असा तो हिशेब होता. लहान हत्याराच्या निवडीचें सर्व शास्त्र बीजरूपानें या हिशेबांत आहे.

हें बीज पिस्तुलाच्या बाबतींत कसें वाढलें तें पहावयाचें आहे. निवडणाराच्या मनांत नेहमीं तीन कसोट्या असतात असें दिसतें. पहिली, हत्यार लपलें पाहिजे. दुसरी, तें हातास झेपलें पाहिजे, म्हणजे बार उडतांना त्याचा धक्का इतका नसावा कीं पुढची गोळी भलतीकडे जाईल. तिसरी, तें लागू पडलें पाहिजे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सुमारें चारशें वर्षें या तीन कसोट्या एकाच हत्यारांत उतरल्या नाहींत. त्या उतरल्या इ. स. १९०० च्या सुमारास, आणि त्याची किंमत हत्यार बाळगणारापेक्षां सार्वजनिक व्यवहारानेंच अधिक दिली.

(२)

आरंभींच्या बंदुकीस पेटता तोडा लागत असे. तोडा जळतो, धुरतो, त्याचा वास येतो, आणि पावसांत तो विझतो. पेटता तोडा अंगरख्याखालीं लपवितां येत नाहीं. यामुळें तोडेदार बंदूक कितीहि लहान केली तरी पहिल्या कसोटीस उतरणें तिला शक्यच नव्हतें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत चाकाचा खटका निघाला. कमानीच्या जोरानें पोलादी चाक फिरावें, त्यावर गारगोटीसारखा खनिज घासला जावा आणि ठिणगी रंजकांत पडावी, अशी त्याची रचना होती. आतां हत्यार आधीं भरून, किल्लीनें चाक आवळून, तासन्‌तास झग्याखालीं ठेवितां येऊं लागलें. लपविण्याचें पिस्तूल जन्मलें तें या खटक्यामुळें.

राज्यकर्त्यांस हें ताबडतोब समजलें. १५१७-१८ च्या सुमारास बादशाह मॅक्सिमिलियन यानें आपल्या मुलखांत आपोआप पेट घेणाऱ्या हातबंदुकांस मनाई केली. इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यानें हातबंदूक दस्त्यासह एक यार्डाहून आंखूड असूं नये असा निर्बंध घातला. हा निर्बंध हत्याराच्या जोरावर नसून लांबीवर आहे, हें ध्यानांत धरण्याजोगें आहे. भय मोठ्या बंदुकीचें नव्हतें, न दिसणाऱ्या बंदुकीचें होतें.

तें भय अनाठायीं नव्हतें. दि. १० जुलै १५८४ रोजीं हॉलंडांतील डेल्फ्ट येथें ऑरेंजचा राजपुत्र विल्यम यास बाल्थाझार जेरार या इसमानें त्याच्या राहत्या घरांत पिस्तुलानें ठार केलें. हा मारेकरी आश्रितासारखा त्याच्या दारीं आलेला होता, आणि राजपुत्राकडून मिळालेल्या पैशांतच त्यानें हत्यार विकत घेतलें असें सांगतात. तो परका म्हणून आला असता तर दारांतच अडविला गेला असता. तो आपला म्हणून आला आणि हत्यार झग्याखालीं होतें, म्हणून आंत पोंचला. पुढें जे प्रसंग येणार आहेत त्या सर्वांचा सांचा या एका प्रसंगांत पहावयास मिळतो.

(३)

चाकाचा खटका महाग आणि नाजूक होता. त्याच्या जागीं चकमकीचा खटका आला आणि अठराव्या शतकांत इंग्लंडांतील प्रवासी वाटमाऱ्यांच्या भयानें कोटाच्या खिशांत मावणारीं चकमकीचीं पिस्तुलें बाळगूं लागले. स्त्रियांकरितां हातांस ऊब देणाऱ्या लोकरी वेष्टनांत मावतील इतकीं लहान पिस्तुलेंहि होत असत. परंतु एका नळीस एकच बार, आणि रंजक ओलें झालें तर तोहि नाहीं, अशी त्यांची अवस्था होती. एकोणिसाव्या शतकांत रंजकाच्या जागीं तांब्याचें केप आलें. घोडा केपावर आपटला कीं आंतली दारू पेटे. यामुळें हत्यार खात्रीचें झालें, पण बार एकच राहिला.

केपाच्या पिस्तुलांत सर्वांत प्रसिद्ध झालें तें फिलाडेल्फिया येथील हेन्री डेरिंजर याचें. तें तळहातांत झांकतां येण्यासारखें होतें. दि. १४ एप्रिल १८६५ रोजीं वॉशिंग्टन येथील फोर्ड नाट्यगृहांत अध्यक्ष लिंकन यांच्यावर जें चालविलें गेलें तें याच जातीचें होतें. त्याची एकंदर लांबी सुमारें सहा इंच भरते. मारेकऱ्यानें त्याबरोबर सुराहि घेतला होता आणि बार उडाल्यावर लिंकन यांच्याजवळ बसलेल्या मेजर रॅथबोन यांच्यावर तो सुऱ्यानेंच तुटून पडला. याचा अर्थ उघड आहे. पिस्तूल लपलें, मोठ्या गोळीमुळें लागूहि पडलें. परंतु एका बारानंतर तें निव्वळ लोखंड आहे हें निवडणारास ठाऊक होतें. सुरा ही त्या पिस्तुलाच्या उणिवेची कबुली होती.

एकाहून अधिक बारांची सोय फिरत्या चक्राच्या पिस्तुलानें, म्हणजे रिव्हॉल्व्हरानें झाली. स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ मध्यें धातूच्या काडतुसांचें लहान रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. त्यांत सात काडतुसें मावत, पण गोळी .२२ इंचाची, म्हणजे तिसऱ्या कसोटीस दुबळी होती. त्याच कारखान्यानें १८८७ मध्यें घोडा आंत झांकलेलें रिव्हॉल्व्हर काढलें. तें खिशांतून काढतांना कापडांत अडकत नसे आणि मूठ नीट आवळल्याखेरीज चालत नसे. फ्रान्सांत १८९४ च्या सुमारास गालां यानें दुचाकीवरून जाणाऱ्यांकरितां, मागें लागणाऱ्या कुत्र्यांस भिवविण्यासाठीं, एक चिमुकलें रिव्हॉल्व्हर केलें. त्याचें नांवच मुळीं दुचाकी आणि कुत्रा या दोन शब्दांवरून पडलें आहे. निवडणाराची गरज किती साधी आणि घरगुती असूं शकते याचें हें चांगलें उदाहरण होय.

तरीहि रिव्हॉल्व्हराची एक अडचण सुटली नाहीं. सहा काडतुसांचें चक्र हें हत्याराचें पोट आहे, आणि पोट लपत नाहीं. पोट लहान करावें तर गोळी लहान होते. हत्याराचें वजन कमी करून गोळी मोठी ठेवावी तर धक्का मनगट हलवितो. गोळीचें वजन आणि वेग यांचा गुणाकार हाच पिस्तुलाच्या मागें येण्याचा जोर आहे; तो हत्याराच्या वजनावर वांटला जातो. हत्यार निम्मे वजनाचें केलें तर हातावर येणाऱ्या झटक्याची गति दुप्पट होते. हा निसर्गाचा नियम आहे. कोणा कारागिरास तो मोडतां येत नाहीं, फार तर त्याच्याशीं तडजोड करतां येते.

(४)

ती तडजोड अमेरिकेंतील ऑग्डन गांवच्या जॉन मोझेस ब्राउनिंग या कारागिरानें केली. १८८४ मध्यें फ्रान्सांत पॉल व्हिएय यानें बिनधुराची दारू सिद्ध केली होती. ती काळ्या दारूपेक्षां जोरदार होती, आणि तिची राख यंत्रांत सांचत नसल्यामुळें लहान भागांचें यंत्र तिच्यावर चालूं शकत होतें. ब्राउनिंगनें असें योजिलें कीं, धक्का हा शत्रु न मानतां त्यालाच कामास लावावें. नळीवरील जड पोलादी सरक धक्क्यानें मागें जावी, रिकामें काडतूस बाहेर फेंकावें, कमानीच्या जोरानें पुढें येतांना मुठींतील कप्प्यांतून नवें काडतूस नळींत सारावें, आणि पुन्हां पहिल्या ठिकाणीं यावें. सरक आणि कमान यांच्या भारामुळें गोळी नळी सोडीपर्यंत मागचें तोंड बंद राहतें. धक्क्याचा कांहीं भाग या हालचालींत लांबविला जातो आणि हातास तो ठोशासारखा न येतां ढकलल्यासारखा येतो.

बेल्जममधील लीएजजवळच्या एर्स्ताल येथें १८८९ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय शस्त्र कारखान्यानें हें पिस्तूल १९०० च्या नांवानें बाजारांत आणलें. त्याची लांबी पावणेसात इंच, वजन सुमारें ६२५ ग्रॅम, म्हणजे चौपन्न तोळ्यांच्या आसपास, आणि मुठींत सात काडतुसें. गोळी .३२ इंचाची, ७१ ग्रेनांची. आपल्या मापानें पहावयाचें तर तोळ्याचे १८० आणि माशाचे १५ ग्रेन होतात. तेव्हां ही गोळी पावणेपांच माशांची झाली. सैनिकी .४५ पिस्तुलाची गोळी २३० ग्रेन, म्हणजे सव्वा तोळ्याहून किंचित अधिक असते. हा फरक हातास तत्काळ समजतो.

तिन्ही कसोट्या येथें प्रथमच एकत्र आल्या. चक्राचें पोट गेलें आणि हत्यार चपटें झालें, म्हणून तें लपलें. गोळी हलकी आणि सरकेनें धक्का वाटून घेतलेला, म्हणून तें झेपलें. सात बार लागोपाठ, म्हणून एका गोळीचा दुबळेपणा संख्येनें भरून निघाला. या नमुन्याचीं सात लाखांच्या घरांत पिस्तुलें झालीं, आणि फ्रेंच भाषेंत ब्राउनिंग हा शब्द पिस्तूल या अर्थीं सामान्यनाम होऊन बसला. अमेरिकेंत कोल्ट कारखान्यानें त्याच्याच आराखड्यावरून १९०३ मध्यें .३२ मापाचें, घोडा झांकलेलें खिशांतील पिस्तूल काढलें.

तडजोडीचीं दोन टोंकेंहि ब्राउनिंगनेंच आंखून दिलीं. १९०६ च्या सुमाराचें जाकिटाच्या खिशांत मावणारें .२५ मापाचें पिस्तूल साडेचार इंच लांब आणि ३६७ ग्रॅम, म्हणजे साडेएकतीस तोळे होतें. परंतु त्याची गोळी अवघी ५० ग्रेनांची, म्हणजे सव्वातीन माशांची. दुसऱ्या टोंकास १९०८ मध्यें .३८० मापाचें काडतूस आलें. त्याची गोळी ९५ ग्रेन, म्हणजे सव्वासहा माशांहून किंचित अधिक. लहान पिस्तुलांतून ती झाडली असतां धक्का .३२ पेक्षां स्पष्टपणें तीव्र लागतो. आजहि जो कोणी लहान पिस्तूल निवडतो तो बहुतकरून या दोन टोंकांमध्येंच कोठें तरी उभा असतो.

(५)

एर्स्तालच्या या कारखान्यांतून निघालेली वस्तु दहा वर्षांच्या आंत नाशिकास पोंचली. ती कशी पोंचली याची हकीकत खटल्याच्या कागदांतून प्रसिद्ध आहे. विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें काडतुसांसह पाठविलीं. इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन यानें १९०९ च्या आरंभीं तीं आपल्या पेटीच्या दुहेरी तळांत लपवून मुंबईस आणलीं.

येथें हत्याराच्या निवडीचें महत्त्व ध्यानांत येतें. १९०० च्या नमुन्याच्या वजनानें वीस पिस्तुलांचे साडेतेरा शेर होतात आणि चपटेपणामुळें तीं एका थरांत बसतात. त्या काळीं मिळणारें माउझर पिस्तूल शंभर तोळ्यांच्या आसपास भरे. वीस माउझरांचें वजन पंचवीस शेर झालें असतें, आणि आकारामुळें पेटीचा दुहेरी तळ उघड दिसला असता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी मनुष्यास परवान्यावांचून हत्यार बाळगणें बंद झालें होतें. तेव्हां येथील निवडणारास लपविण्याची कसोटी दोनदां लावावी लागे. एकदां खिशासाठीं आणि एकदां जकातीच्या नाक्यासाठीं.

दि. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथील विजयानंद नाट्यगृहांत, कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. तेथें अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनीं ब्राउनिंग पिस्तुलानें जॅक्सन यांना ठार केलें. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाणें येथें फांशी देण्यांत आलें. पिस्तुलें पाठविण्यावरून जॅक्सनवधास साह्य केल्याबद्दल सावरकरांस ३० जानेवारी १९११ रोजीं दुसरी जन्मठेप झाली. पिस्तूल चालविणें हा जसा अपराध ठरला, तसेंच तें निवडून पाठविणेंहि.

ज्यांच्यावर हें हत्यार चाललें ते जॅक्सन संस्कृताचे जाणकार होते. त्यांनीं जमविलेल्या सामग्रीवरून गुजरात आणि कोंकण यांच्या लोकाचारांवरील टिपणें एन्थोव्हेन यांनीं पुढें १९१४-१५ मध्यें प्रसिद्ध केलीं. इतिहासाच्या अभ्यासकांनीं या घटनेचीं दोन्ही पानें वाचलीं पाहिजेत. परसत्तेविरुद्ध पेटलेल्या तरुणांचा त्याग खरा आहे, आणि नाट्यगृहांत निःशंकपणें आलेल्या मनुष्याचा मृत्यूहि खरा आहे. एका पानावर दुसरें चिकटवून टाकणें हें संशोधन नव्हे.

त्याच वर्षीं १ जुलै रोजीं लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्यें मदनलाल धिंग्रा यांनीं कर्झन वायली यांच्यावर कोल्ट पिस्तूल चालविलें. मध्यें आलेले डॉक्टर लालकाका हेहि मारले गेले. धिंग्रा यांनीं टॉटनहॅम कोर्ट रोडवरील नेमबाजीच्या खोलींत सराव केला होता, आणि घटनेच्या दिवशीं सायंकाळींहि ते तेथें गेले होते, असें खटल्यांत निष्पन्न झालें. झेपणें ही कसोटी केवळ हत्याराची नसून हाताचीहि आहे, हें यावरून कळतें. सोपें हत्यारहि सरावावांचून सोपें राहत नाहीं.

(६)

याच्या उलट बाजूचीं उदाहरणें घेतल्यावांचून निर्णय एकांगी होईल. कलकत्त्यांत २६ ऑगस्ट १९१४ रोजीं रॉडा कंपनीच्या मालांतून पन्नास माउझर पिस्तुलें आणि ४६,००० काडतुसें क्रांतिकारकांनीं पळविलीं. माउझर लांब नळीचें आणि जड. त्याला लांकडी दस्ता जोडला म्हणजे तें जवळजवळ लहान बंदूकच होई. सप्टेंबर १९१५ मध्यें बालासोराजवळ जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे सोबती पोलिसांशीं उघड्या रानांत लढले तें माउझरांनीं. तेथें लपविण्याचा प्रश्न उरला नव्हता. अंतर मोठें होतें, म्हणून हत्यारहि मोठें होतें. हत्यार प्रसंगास जन्म देतें असें कोणी म्हणतात. आम्हांस वाटतें, प्रसंग कोणत्या अंतरावर घडणार हें आधीं ठरतें आणि हत्यार मागून येतें.

उत्तरेकडील क्रांतिकारकांनीं मात्र .३२ च्या कोल्टाचा आश्रय केला. १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोरास साँडर्स मारला गेला. त्या प्रकरणांतील भगतसिंगांचें म्हणून जें पिस्तूल जपलें गेलें आहे तें याच मापाचें आहे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजीं अलाहाबादच्या आल्फ्रेड बागेंत चंद्रशेखर आझाद ज्या पिस्तुलानें लढले तें कोल्ट तेथील संग्रहालयांत ठेवलेलें आहे. आझाद यांचा प्रसंग विशेष शिकवून जाणारा आहे. खिशांतल्या हत्यारानें त्यांना उघड्या बागेंत, झाडाच्या आडोशानें, बंदुका घेतलेल्या पोलिसांशीं झुंजावें लागलें. हत्यार ज्या अंतरासाठीं केलें त्याहून अंतर मोठें झालें कीं, शौर्य कितीहि असो, हिशेब उलटा पडतो.

लहान हत्यार लागू पडत नाहीं असेंहि पुष्कळदां झालें. २२ जुलै १९३१ रोजीं पुण्यास फर्गसन कॉलेजांत वासुदेव बळवंत गोगटे यांनीं प्रभारी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदीं जवळून गोळी झाडली. ती त्यांच्या खिशांतील धातूच्या वस्तूवर आपटली आणि हॉटसन वांचले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदानसमारंभांत बीना दास यांनीं गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर रिव्हॉल्व्हरांतून पांच गोळ्या झाडल्या. त्यांतील एकहि लागली नाहीं. पहिल्या प्रसंगीं तिसरी कसोटी हुकली, दुसऱ्या प्रसंगीं दुसरी. लपविण्याची कसोटी दोन्हीं ठिकाणीं पुरी उतरली होती, हें मात्र विसरतां नये.

(७)

हत्याराचा नमुना नीट न पाहिल्यामुळें इतिहासांत चुकीचीं विधानें कशीं रूढ होतात याचें एक उदाहरण येथें देतों. २८ जून १९१४ रोजीं सारायेवो येथें गाव्रिलो प्रिन्सिप यानें ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्स फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांस मारलें. अनेक ग्रंथांतून हें पिस्तूल १९०० च्या नमुन्याचें, .३२ मापाचें होतें असें छापलें गेलें. व्हिएन्ना येथील सैनिकी संग्रहालयांत तें पिस्तूल ठेवलेलें आहे आणि तें १९१० च्या नमुन्याचें, .३८० मापाचें आहे. कारखाना तोच, कारागीर तोच, पण नमुना दहा वर्षांनीं पुढचा, अधिक गुळगुळीत, खिशांत कोठेंहि न अडकणारा. आपल्याकडील लेखनांतहि रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास वापरले जातात. तलवार आणि कट्यार यांत जो भेद आपण करतों तो येथेंहि केला पाहिजे.

पुढें इटलींतील बेरेटा कारखान्यानें १९३४ मध्यें आपल्या सैन्यासाठीं .३८० मापाचें लहान पिस्तूल केलें. सहा इंच लांब, मुठींत सात काडतुसें, रचना अतिशय साधी. अंमलदारांच्या कंबरेस भार होऊं नये एवढ्याचसाठीं तें लहान केलेलें होतें. दि. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस बिर्ला भवनांत सायंप्रार्थनेस जाणाऱ्या गांधीजींच्या छातीशीं जें धरलें गेलें तें याच नमुन्याचें होतें, आणि तें धरणारा हात पुण्याहून आलेला होता. नथुराम गोडसे यानें आधीं वांकून नमस्कार केला आणि मग तीन गोळ्या झाडल्या. महाराष्ट्रास या घटनेचा विचार करतांना हत्याराच्या नमुन्याचें काय एवढें, असें कोणी म्हणेल. पण नमुना पाहिला म्हणजेच अंतर कळतें, आणि अंतर कळलें म्हणजे त्या कृत्याचें खरें स्वरूप कळतें. हत्यार नमस्काराच्या अंतरावर चालण्यासारखें होतें, म्हणून नमस्काराचाच उपयोग झाला.

(८)

राज्यांनीं या हत्यारास आवर घालण्याचा यत्न केला तो बहुधा लांबी आणि लपणें यांच्याच अनुरोधानें. इंग्लंडांत १९०३ चा पिस्तुलांचा कायदा आंखूड नळीच्या हत्यारांपुरता होता. न्यूयॉर्क संस्थानानें १९११ मध्यें सलिव्हन कायदा करून लपवितां येणाऱ्या हत्यारांस परवाना लावला. त्या पद्धतींतील विशेष कारण दाखविण्याची अट तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें रद्द केली. भारतांत १८७८ च्या कायद्याच्या जागीं १९५९ चा कायदा आला. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदारास दोहोंपेक्षां अधिक हत्यारें बाळगतां येत नाहींत. सैन्याच्या काडतुसांचीं मापें नागरिकांस बंद असल्यामुळें येथें परवान्याच्या लहान हत्याराचें रूढ माप .३२ हेंच होऊन बसलें. मात्र सरकारी कारखान्यांतील .३२ रिव्हॉल्व्हराचें काडतूस आणि .३२ पिस्तुलाचें काडतूस हीं भिन्न आहेत; एकाचें दुसऱ्यांत चालत नाहीं. २०१४ मध्यें कानपूरच्या कारखान्यानें स्त्रियांच्या संरक्षणाचा उद्देश सांगून 'निर्भीक' नांवाचें सुमारें ५०० ग्रॅमांचें रिव्हॉल्व्हर काढलें. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. ज्या स्त्रियांचें नांव घेतलें जात होतें त्यांतील फारच थोड्यांस ती परवडण्यासारखी होती, हें सांगावयास नको.

अमेरिकेंत, जेथें लपवून हत्यार बाळगणें अनेक संस्थानांत कायदेशीर आहे, तेथें स्मिथ आणि वेसन यांनीं २०१८ मध्यें .३८० मापाचें एक पिस्तूल काढलें. त्याची सरक ओढण्यास मुद्दाम हलकी केलेली आहे. वृद्ध आणि दुबळ्या हातांचीं माणसें हें त्याचें गिऱ्हाईक होय. सव्वाशें वर्षांनंतरहि प्रश्न तोच आहे. लपेल किती, झेपेल किती, लागू पडेल किती. तिहींपैकीं झेपणें या कसोटीस अलीकडे अग्रस्थान मिळूं लागलें आहे, आणि तें योग्य आहे. कारण जें हातास झेपत नाहीं त्याचा सराव होत नाहीं, आणि सरावावांचून हत्यार हें बाळगणारासच संकट होतें.

(९)

येथवरच्या विवेचनाचें तात्पर्य सांगून लेख पुरा करतों. डेल्फ्टचें घर, वॉशिंग्टनचें आणि नाशिकचें नाट्यगृह, लंडनचा समारंभ, सारायेवोचा रस्ता, पुण्याचें कॉलेज, दिल्लीची प्रार्थना. हीं सर्व ठिकाणें अशीं आहेत कीं जेथें मनुष्य निःशंकपणें दुसऱ्याच्या जवळ येतो. लहान पिस्तुलाचा जोर दारूंत थोडा आणि या जवळ येण्यांत फार आहे. वाटमाऱ्याच्या भयानें खिशांत हात घालणारा प्रवासी आणि सभेंत पुढें सरकणारा मारेकरी यांनीं हत्यार एकाच तीन कसोट्यांनीं निवडलें. हत्यारास त्यांतला भेद कळत नाहीं. तो माणसांसच करावा लागतो.

प्रतापगडाखालीं दोन्ही पक्ष सावध होते. एकाच्या अंगरख्याखालीं चिलखत होतें, दुसऱ्याच्या हातीं कट्यार होती, आणि भेटीच्या अटी वकिलांमार्फत ठरल्या होत्या. त्या भेटीस आणि नंतरच्या पिस्तुलांच्या प्रसंगांस एकाच मापानें मोजणें चुकीचें होईल. ब्राउनिंगचें पिस्तूल निघाल्यापासून राजपुरुष आणि लोक यांच्यामध्यें पहारेकऱ्यांची रांग, आडवे दांडे आणि झडतीचा दरवाजा हीं येत गेलीं. चौपन्न तोळ्यांच्या एका वस्तूनें हें अंतर वाढविलें. तें वाढलेलें अंतर आपण आतां इतकें अंगवळणीं पाडून घेतलें आहे कीं, तें कधीं नव्हतें हें सांगण्यासाठींहि इतिहासाकडेच जावें लागतें.